भिंतीवर हातभर काळी पट्टी ठेवा

आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळा व्यवस्थापन समित्यांचे अध्यक्ष आणि सदस्य यांना,

सप्रेम नमस्कार.

दसरा झाला. आता ऊसतोडीच्या मुकादमांच्या गाड्या गावोगाव लागतील आणि तुमच्यापैकी कितीतरी जण कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतील. बैठकीची वाट बघत बसले तर शाळेच्या भिंतीवर मुलांची ध्येयं रंगवण्याबद्दलचं माझं म्हणणं ऐकायला गावात फक्त म्हातारी माणसं आणि पोरं उरतील, म्हणून हे पत्र आजच लिहिते आहे.

गेल्या महिन्यात आपल्याच केंद्रातल्या एका शाळेत शिक्षकांच्या शिक्षण परिषदेला गेले होते. व्हरांड्याच्या भिंतीला नवा ऑइलपेंट दिलेला. वर ठसठशीत अक्षरांत 'माझे ध्येय', त्याखाली तिसरी-चौथीच्या मुलांचे फोटो आणि प्रत्येक फोटोखाली एकेक हुद्दा. कलेक्टरच जास्त, मग पोलीस, मग डॉक्टर, एक पायलट. समितीनं लोकवर्गणीतून काम केलं होतं. रंगाऱ्याचं अक्षर खरोखर सुबक होतं. मी मोबाइलवर फोटो घेत होते, तेवढ्यात त्या भिंतीवरचीच एक मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. स्वतःच्या फोटोखाली बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, इथं काय लिवलंय?"

म्हटलं, तूच वाच की. तिनं 'क' वाचला, 'ले' वाचला आणि जोडाक्षरापाशी अडली. पुन्हा 'क' पासून सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडली. चौथीतली मुलगी. मी वाचून दाखवलं, "कलेक्टर." ती नुसती मान हलवून म्हणाली, "माझ्या आधीच्या पोरीनं त्येच सांगितलं, म्हणून मीबी सांगितलं."

त्या शाळेला नावं ठेवायला हे लिहीत नाही. आमच्या शाळेची भिंत अजून कोरी आहे ती पैशाअभावी, शहाणपणामुळे नव्हे. आणि दर 26 जानेवारीला पोरांना रांगेत उभं करून "मोठेपणी कोण होणार?" हे मीही वर्षानुवर्षं विचारलेलं आहे. पोरगं "कलेक्टर" म्हणालं की टाळ्या पडतात, पाहुणे खूश, आम्ही खूश. दुसऱ्या दिवशी त्या पोरानं कलेक्टर व्हायसाठी काय करायचं असतं? काहीच नाही. जे पंचवीस वर्षांनी व्हायचंय, त्याचं आज सकाळी काय करायचं हे आपण त्याला कधी सांगितलेलं नसतं. त्या मुलीला मात्र दिवाळीच्या आत जोडाक्षरं वाचता येण्यासारखी होती. ते तिला कुणी विचारलं नाही, आणि भिंतीवर लिहावं इतकं ते कुणाला मोठंही वाटलं नाही.

मला वाटतं घोळ 'ध्येय' या शब्दापासूनच सुरू होतो. आपल्याकडे ध्येय म्हटलं की ते जन्माचं असतं, उंच असतं, त्याच्यासाठी माणसं घरदार सोडतात. आठ वर्षांच्या पोराच्या अंगाला हा सदरा फार ढगळ होतो. म्हणून आमच्या वर्गात आम्ही 'नेम' म्हणतो. गोट्या खेळताना पोरं नेम धरतात तो समोर दिसणाऱ्या गोटीवर. आणि आपल्या घरातल्या आजीचाही नेम असतो, रोज तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा घेत नाही. एकच शब्द, पण त्यात टिपायचंही आलं आणि रोज करायचंही आलं. मुलांना समजावून सांगावं लागलं नाही. "तुझा या पंधरवड्याचा नेम काय?" म्हटलं की पोरगं थेट डोळा बारीक करून बघतं.

आमची शाळा द्विशिक्षकी. पटावर 41 मुलं, माझ्याकडे तिसरी ते पाचवी. ऊसतोडीच्या हंगामात निम्म्याहून जास्त मुलं आजी-आजोबांकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात असतात. त्यातल्याच एकाचं सांगते. नाव सांगत नाही, कारण तुम्ही सगळे त्याला ओळखाल.

चौथीतला मुलगा. बावन्नातून सत्तावीस वजा कर म्हटलं की पस्तीस लिहायचा. दोनातून सात जात नाहीत, मग हा सातातून दोन काढायचा आणि मोकळा व्हायचा. तीन वर्षं हे असंच चाललेलं. प्रगतिपुस्तकात 'सुधारणा आवश्यक' या रकान्यात त्याच्यापुढे 'गणितात सराव आवश्यक' लिहिलं जात होतं. हे वाक्य आम्ही कुठून लिहितो तेही सांगून टाकते. वर्णनात्मक नोंदींच्या छापील पुस्तिका मिळतात, त्यातून उतरवून घेतो. एका वर्षी माझ्या वर्गातल्या चौदा मुलांना 'गणितात सराव आवश्यक' होता. चौदांची चौदा दुखणी वेगळी होती.

या मुलाचं दुखणं इतकंच होतं की दशक मोडता येतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. काड्यांचे दहादहाचे गठ्ठे समोर ठेवले. पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या. "सात काड्या दे." तो दोन काड्यांकडे बघत बसला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "मोळी सोडावी लागंल." गठ्ठ्याला तो मोळी म्हणाला. त्याच्या घरात सगळे मोळ्याच बांधतात. मी म्हटलं, सोड मग. त्यानं रबर काढलं, बारा काड्या झाल्या, सात दिल्या, पाच उरल्या. चार मोळ्यांतल्या दोन गेल्या, दोन राहिल्या. पंचवीस. स्वतःच्या उत्तराकडे त्यानं असं बघितलं, जणू ते दुसऱ्याच कुणाच्या पाटीवर आहे.

नेम काय ठेवायचा, तर तो म्हणाला रोज वीस उदाहरणं. पोरं नेहमी फुगवूनच सांगतात, मोठ्यांना काय आवडतं ते त्यांना पक्कं कळतं. आणि मीही भुलले, वहीत 'रोज 20' लिहून घेतलं. पहिल्या दिवशी वीस झाली, दुसऱ्या दिवशी अकरा, तिसऱ्या दिवशी तो शाळेतच आला नाही. पोट दुखतंय, असं आजी म्हणाली. चौथ्या दिवशी मी त्याच्या घरी जाऊन वही काढली आणि वीस खोडून पाच केले. तेही काड्या घेऊन, आठवडाभर. मग तो यायला लागला.

त्याची आई तेव्हा उसाच्या फडात होती. रात्री पालावरून आजीच्या मोबाइलवर फोन करायची आणि नेहमीचं विचारायची, जेवलास का, अभ्यास करतो का. अभ्यास करतो का, याला "हो" यापलीकडे उत्तर नसतं. तिला शाळेचं काही माहीत नव्हतं, तिला सही येते तेवढीच. मी तिला फोनवर सांगितलं, एवढंच विचारा, आज किती झाली आणि त्यातली बरोबर किती. ती पहिल्याच झटक्यात समजली. म्हणाली, "मॅडम, गाडी भरायची म्हणून आमी काय गाडीकडं बघत बसतो का? मोळ्याच मोजतो." पंधरा दिवस तिनं रोज विचारलं. पाचातली तीन, पाचातली चार, पाचातली पाच. एका रात्री त्यानं सात सांगितली, तर तिनं विचारलं, "मॅडमनी वाढवली का तूच वाढवली?" त्यानंच वाढवली होती.

हे मी माझ्या मनानं शोधून काढलं असा माझाही काही दिवस समज होता. मग प्रशिक्षणातल्या एका वाचनातून कळलं की याचा प्रयोग अमेरिकेत कधीच होऊन गेलाय, तोही नेमका वजाबाकीवर. अल्बर्ट बँडुरा आणि डेल शंक या मानसशास्त्रज्ञांनी 1981 साली तो प्रसिद्ध केला. गणितात बरीच मागे असलेली सात ते दहा वर्षांची चाळीस मुलं घेतली. वजाबाकी आपली आपण शिकण्याची 42 पानं, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या सात बैठका. काही मुलांना सांगितलं, प्रत्येक बैठकीत निदान सहा पानं करा. काहींना सांगितलं, सातव्या बैठकीअखेर सगळी 42 पानं संपवा. काहींना ध्येय म्हणून काहीच सांगितलं नाही. आता हिशोब बघा, सहा सत्ते बेचाळीस, काम तर तेवढंच. पण सहा पानांवाली मुलं वजाबाकीत सगळ्यांत पुढे गेली, आपल्याला हे जमतं असा त्यांचा भरवसाही जास्त वाढला, आणि पुढे कुणी न सांगता मोकळ्या वेळात वजाबाकीची उदाहरणं हाती घेण्यातही तीच पुढे होती. बेचाळीस पानांवाल्यांना लांबच्या ध्येयाचा म्हणावा असा काही उपयोग झाला नाही. ध्येय न दिलेल्या मुलांपेक्षा ती फार वेगळी निघाली नाहीत.

त्यातलं तिसरं, मोकळ्या वेळात आपण होऊन उदाहरणं हाती घेणं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपण म्हणतो, आधी आवड पाहिजे, मग मूल अभ्यास करील. इथं आधी जमलं आणि मग आवड लागली.

1981 वरून एक आठवलं. त्याच वर्षी धावपटू गोपाळ सैनी यांनी 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, 8 मिनिटं 30.88 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता. तो 37 वर्षं टिकला आणि 2018 साली मोडला आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी. भाषणांत त्यांचं नाव आपण सगळेच घेतो, 'ऑलिंपिकचं स्वप्न बघा' म्हणून. मी पोरांना त्यांची वेळ फळ्यावर लिहून देते. सैनींचा विक्रम मोडला तो 8:29.80 नं, म्हणजे सेकंदाहून थोडासाच जास्त. मग 8:28.94. मग 2019 मध्ये दोह्याच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत 8:25.23 आणि अंतिम फेरीत 8:21.37. मग 8:20.20, टोकियो ऑलिंपिकमध्ये 8:18.12, मग 8:16.21, 8:12.48, बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळालं तेव्हा 8:11.20, आणि 2024 च्या जुलैत पॅरिसला 8:09.91. सहा वर्षांत दहा वेळा, आणि पहिल्या वेळेनंतर दर वेळी मागचा विक्रम स्वतःचाच. पाचवीच्या मुलांना मी यावर दशांश अपूर्णांकांची वजाबाकी घालते. एक पोरगी उत्तर काढता काढता म्हणाली, "एवढुसंच कमी करत्यात की ओ मॅडम!" हो, एवढुसंच. शिवाय स्टीपलचेसमध्ये 28 अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या असतात. पुढचा अडथळा सोडून शेवटच्या रेषेकडे बघत धावणारा पाण्यात पडतो.

आता आमचं काय चुकलं तेही सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मॅडमना सगळं साधलंय.

आमच्या समितीतल्या एका सदस्यांनी मोठ्या मनानं जाहीर केलं, ज्याचा नेम पुरा होईल त्याला कंपासपेटी. पुढच्या सोमवारी पोरांनी नेम लिहून आणले, 'रोज शाळेत येणार', 'रोज दात घासणार', आणि एकानं तर 'रोज जेवणार'. पंधरा दिवसांनी सगळ्यांचे नेम शंभर टक्के पुरे! पोरं लबाड नव्हती, आम्ही हिशोबच तसा मांडला होता. जिथं चुकलं तर पेटी जाते तिथं अवघड काम कोण हातात घेईल? आम्ही बक्षीस बंद केलं आणि पेट्या सगळ्यांनाच वाटून टाकल्या. पेटी जाहीर करणारे दादा रागावले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

दुसरी चूक हुशार मुलांबाबत. त्यांना काही करावंच लागत नाही असं समजून मी एका मुलीचा 'सतराचा पाढा पाठ करणे' हा नेम तसाच मान्य केला. तिला तो आधीच येत होता. ती पंधरा दिवस कंटाळली आणि मला पत्ताही नाही. नेम आजच्यापेक्षा एक पायरी वर हवा, दोन नको, शून्यही नको. ती पायरी प्रत्येक मुलाची वेगळी, आणि ती कुठली हे मुलाशेजारी बसल्याशिवाय दिसत नाही. इथंच शिक्षकाचं खरं काम लागतं, आणि खरं सांगायचं तर इथंच आम्ही टंगळमंगळ करतो. एकेचाळीस मुलं, दोन शिक्षक, वरून दर आठवड्याला कुठली तरी माहिती लिंकवर भरायची. पण एका मुलापाशी दहा मिनिटं बसलं तर पायरी सापडते, हाही अनुभव आहे.

शासनाचंही उद्दिष्ट आहेच. 5 जुलै 2021 ला मुलांचं वाचन आणि गणित पक्कं करण्याचं निपुण भारत अभियान सुरू झालं. तिसरीच्या शेवटी मुलानं मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत असं त्यात आहे, आणि त्यासाठी 2026-27 हे वर्ष ठरवलंय. उद्दिष्ट रास्त आहे, माझी तक्रार नाही. पण मिनिटाला वीस शब्द वाचणाऱ्या पोरापुढे आपण साठचा आकडा धरतो आणि दर चाचणीला 'अजून आला नाहीस' असं सांगतो. साठ हा शाळेचा आकडा आहे, तो शाळेनं बघावा. त्या पोराचा आकडा पंचवीस.

पहिल्या नंबराचंही असंच. 'पहिला नंबर काढणार' हा नेम होऊच शकत नाही, कारण तो शेजारच्या पोराच्या पेपरवर अवलंबून आहे. शिष्यवृत्ती परीक्षेबद्दल तर बैठकीत दर वेळी विचारणा होते, आपल्या शाळेची किती मुलं यादीत आली? दोन पेपर, दीडशे-दीडशे गुण, आणि यादी लागणार जिल्ह्यातली बाकीची मुलं कशी लिहितात त्यावर. मुलाच्या हातात त्यातलं काय आहे? बुद्धिमत्ता चाचणीतले आकृत्यांचे प्रश्न रोज पाच सोडवणं आहे, आणि चुकलेल्या प्रश्नाला दुसऱ्या दिवशी पुन्हा भिडणं आहे. बैठकीत त्याची चौकशी करा, मी वह्या घेऊन येईन.

नेम चुकला तर काय, हे पालक मला सारखं विचारतात. चुकला तर चुकला. आमच्याकडे मूल दोनच गोष्टी करतं. एकतर नेम लहान करतं, नाहीतर त्याचे तुकडे करतं. ओरडा नाही, उभं राहणं नाही, 'तुला साधं एवढं जमत नाही' हे तर अजिबात नाही. आणि कधीकधी मूल म्हणतं, मला आता हा नेम नकोच, दुसरा हवा. तेही चालतं. ऑगस्टमध्ये एकीनं वाचनाचा नेम मध्येच सोडून 'विहिरीवरून भरलेली कळशी न सांडता आणणे' हा घेतला. मी लिहून घेतला. तिला घरी त्यावरून रोज बोलणी बसायची. दहाव्या दिवशी कळशी सांडायची थांबली आणि अकराव्या दिवशी ती आपण होऊन पुस्तक घेऊन आली. अभ्यासाचा नेम तेवढाच खरा, असं आता मी मानत नाही.

आता मागणं.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नं तुमच्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक ठेवले आहेत आणि एकूण निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा तुम्ही करता. भिंतीला कोणता रंग लावायचा हेही तुम्हीच ठरवता. ज्या गावांत 'माझे ध्येय' रंगवून झालंय त्यांनी ते पुसू नये, पोरांना आपला फोटो बघायला आवडतो. फक्त त्या फोटोंच्या खाली, पोरांचा हात पोचेल अशा उंचीवर, हातभर रुंदीची काळी पट्टी मारून घ्या. फळ्याचा काळा रंग, एक डबा पुरतो. त्यावर प्रत्येक मूल आपल्या फोटोखाली आपला नेम खडूनं लिहील. खडूनंच, म्हणजे पंधरा दिवसांनी पुसता येईल. ऑइलपेंटनं लिहिलेलं पोराला बदलता येत नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी चित्र काढावं, आमच्या पहिलीतल्या एकानं बुटाची नाडी काढली होती.

महिन्याच्या बैठकीत दहा मिनिटं राखून ठेवा. कुणीही दोन मुलं येतील आणि नेम काय होता, कुठं अडलं, आता काय धरलाय, एवढं सांगतील. तुम्ही ऐका. भाषण करू नका, "शाब्बास, असाच पुढे जा आणि कलेक्टर हो" असं तर मुळीच म्हणू नका. विचारायचंच असेल तर विचारा, "हे तुला कसं जमलं?" या प्रश्नाला पोरं जी उत्तरं देतात त्यातून मी गेल्या दोन वर्षांत बी.एड.पेक्षा जास्त शिकले.

आणि आमच्या शाळेचे जे पालक गाडीत बसून ऊसतोडीला जाणार आहेत त्यांच्यासाठी. घर आवरताना, मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा हिशोब करताना, भांडीकुंडी बांधताना तुम्हाला वेळ नसतो हे मी बघते. तरी जायच्या आधी एकदा शाळेत या. पोराला समोर उभं करा आणि त्याच्याच तोंडून नेम ऐकून घ्या. मी तो जाड कागदावर लिहून देईन, खाली माझा नंबर असेल. कागद पालावरच्या कोपीत, झोपडीत, कुठंही अडकवा. वाचता येत नसेल तर मोबाइलमध्ये पोराच्या आवाजात भरून देईन. रात्री फोन लागला की 'अभ्यास करतो का' याच्याऐवजी त्याबद्दल विचारा. पंधरा दिवसांनी नेम बदलला की मी कळवत जाईन.

दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत मी रोज संध्याकाळी सातपर्यंत शाळेत थांबणार आहे. ज्यांची गाडी रात्री निघणार असेल त्यांनी आदल्या दिवशी पोराजवळ निरोप द्या, मी नऊपर्यंत थांबेन.

आपली,
तिसरी ते पाचवीची वर्गशिक्षिका
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, बीड जिल्हा